आवडता गेम कोणता, अन् तो हरवतो कसा?

मागच्या अंकात आम्ही एवढंच विचारलं होतं की तुमचा सगळ्यात आवडता व्हिडिओ गेम कोणता आणि का, आणि खाली एक अट टाकली होती की नुसतं "लई भारी गेम आहे" असं पाठवू नका, त्यात नेमकं काय भारी आहे ते लिहा. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सॲपवर तर दोन-दोन मिनिटांचे आवाजी मेसेज आले ज्यात मागून कुकरची शिट्टी ऐकू येते. बऱ्याच जणांनी उत्तर देता देता आम्हालाच उलटा प्रश्न टाकलाय, त्यातलेच काही इथं घेतलेत. नाव छापू नका असं बहुतेकांनी लिहिलंय (एकानं कारण दिलंय, "बायको वाचते हा अंक"), म्हणून फक्त गाव देतोय.

सगळं वाचून काढल्यावर एक गंमत लक्षात आली. जिंकल्याबद्दल कोणी फारसं लिहीतच नाही. कसे मेलो, कुठं मेलो, कोणामुळं मेलो हेच सगळे लिहितात आणि तेही तोंड भरून. त्यामुळं माझं तर असं मत झालंय की एखादा गेम आपला का झाला हे बघायचं असेल तर तो आपल्याला हरवतो कसा आणि हरल्यावर आपल्याशी वागतो कसा ते बघावं. पटत नसेल तर भांडायला पुढचा अंक आहेच.

"आमच्या वेळी कॉन्ट्रा होता. गल्लीत एकाच्याच घरी टीव्हीचा गेम, त्याची आई दुपारची झोपली की आवाज बंद करून खेळायचो. आता पोराला दाखवला तर म्हणतो पप्पा हे काय, नुसतं उजवीकडं पळायचं? गेम खरंच भारी होता का आम्हीच लहान होतो?"
*इलेक्ट्रिकचे दुकानदार, परभणी*

दोन्ही खरं आहे, पण गेम भारी होता हे जास्त खरं आहे, आणि मी ते सिद्ध करून दाखवतो.

कॉन्ट्रा कोनामी कंपनीचा, आधी १९८७ साली नाणं टाकून खेळायच्या मशीनवर आला आणि १९८८ ला घरच्या टीव्हीवर. आपल्याकडं जे डबे मिळायचे ते निन्टेंडोच्या जपानी फॅमिकॉमच्या नकला, वर कॅसेटवर ९९९९ गेम लिहिलेलं आणि आत तेच दहा-बारा गेम फिरून फिरून नाव बदलून. तरी कॅसेट फुंकून लावली की पहिलं कॉन्ट्राच लागायचा, कारण तो दोघांचा गेम होता. दोन रिमोट, दोन माणसं, एकच पडदा.

आता पोराला हे सांगा. त्यात एक गोळी लागली की खेळाडू मेला, रक्ताची पट्टी वगैरे भानगड नाही. तीन लाइफ. बरं नुसती लाइफ गेली असती तर चाललं असतं, पण मेलं की हातातली बंदूकही जायची! ते एसवालं लाल पदक गोळा केलं की पाच गोळ्या पंख्यासारख्या पसरून निघायच्या, तेवढ्यापुरता माणूस राजा, आणि एका फालतू गोळीनं मेला की परत तीच साधी टुकटुक बंदूक. म्हणजे जिथं अवघड आहे तिथंच तुम्ही मरणार आणि तिथंच तुमच्या हातात सगळ्यात रद्दी बंदूक असणार. असला दुष्टपणा कोणी मुद्दाम केल्याशिवाय होत नाही.

आणि तिसरी स्टेज आठवा, धबधब्याची. तिथं पडदा उजवीकडं न जाता वर सरकतो, आणि तुमच्यातला एकजण घाईनं वर चढला की खाली राहिलेला पडद्याबाहेर जाऊन मरतो. शत्रूनं मारलं नाही, दोस्तानं मारलं! परभणीतली निम्मी भांडणं त्या धबधब्यावर झाली असतील. दोघांनी एकमेकांकडं बघत, "थांब, थांब, आता ये" करत चढायचं, नाहीतर दोघांचंही वाटोळं. हे तुमचा पोरगा एकट्यानं मोबाईलवर खेळला तर त्याला दिसणारच नाही, त्याला शेजारी बसून दुसरा रिमोट हातात घ्या मग बघा.

राहिला तो तीस लाइफचा कोड: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तो मुळात कॉन्ट्रासाठी केलेलाच नव्हता. काझुहिसा हाशिमोतो म्हणून कोनामीत प्रोग्रामर होते, ते १९८६ साली ग्रेडियस नावाचा विमानाचा गेम घरच्या मशीनसाठी बनवत होते आणि तो त्यांना स्वतःलाच तपासताना पार करता येईना इतका अवघड होता, म्हणून सगळी हत्यारं एकदम मिळायला त्यांनी हा कोड टाकला आणि तो आत तसाच राहिला. पुढं कॉन्ट्रात तो तीस लाइफसाठी वापरला. हाशिमोतो २०२० साली गेले. ज्यानं गेम बनवला त्यालाच तो झेपत नव्हता, मग आपण कोण!

लाइट जाण्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही त्याचं मात्र नवल वाटलं. गेम सेव्ह व्हायची सोय नव्हती, शेवटच्या स्टेजला लोडशेडिंग झालं की सगळं पहिल्यापासून. तो बॉस कोनामीनं टाकलेला नव्हता एवढंच.

"नोकिया अकराशे मधला साप. ड्युटीवरून मुक्कामी गाडी लावली की तोच टाइमपास. आता एवढा मोठा मोबाईल आहे पण ती मजा नाही. का?"
*एसटी चालक, बीड*

कारण त्या सापाला मारणारं दुसरं कोणी नव्हतंच हो. तानेली अर्मान्तो या नोकियाच्या माणसानं तो पहिल्यांदा १९९७ च्या ६११० फोनसाठी केला, तुमच्या अकराशेत होता तो स्नेक टू. फरक असा की पहिल्यात भिंतीला धडकलं तरी खलास, दुसऱ्यात उजवीकडनं बाहेर गेला की डावीकडनं आत. म्हणजे भिंतही काढून घेतली, आता मरायला तुमचं स्वतःचं शेपूट तेवढं उरलं. जितकं चांगलं खेळाल तितका साप लांब आणि तितकी जागा कमी. मेलात तर दुसऱ्या कोणाला शिव्या द्यायची सोय नाही, ना नेटवर्कला ना टीममधल्याला. दोन, चार, सहा, आठ ही बटणं, बघायचीसुद्धा गरज नाही, अंगठ्याला माहिती. आताच्या काचेवर अंगठा घसरतो, तिथंच निम्मी मजा गेली.

अकराशेबद्दल अजून एक. २००३ साली आला, जगात २५ कोटींच्या वर खपला, आणि आपल्याकडं तो सापासाठी नाही तर वरच्या बॅटरीसाठी घेतला लोकांनी. रात्रीची लाइट आली की मोटार चालू करायला विहिरीवर जायचं, पुढं खऱ्या सापाची भीती आणि हातात सापाचा गेम असलेला फोन.

"माझा मुलगा अकरावीला आहे, सारखं पब्जी पब्जी. जेवायला हाक मारली की 'आई दोन मिनिट', अन् ते दोन मिनिट अर्धा तास असतं. ओरडून झालं, मोबाईल काढून घेऊन झालं. मला फक्त एवढं समजून घ्यायचंय की त्यात असं काय ठेवलंय."
*गृहिणी, गंगाखेड*

ताई, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण बाकीचे पालक "कसं सोडवू" विचारतात, तुम्ही "काय आहे" विचारलं.

शंभर जणांना विमानातून एका बेटावर उतरवतात. हातात काही नाही. घरं शोधायची, त्यात बंदुका, गोळ्या, पट्ट्या सापडतात. आणि खेळायची जागा हळूहळू आकसत जाते, एक निळं वर्तुळ असतं, त्याच्या बाहेर राहिलात तर आपोआप जीव जातो. त्यामुळं लपून बसून चालत नाही, सगळ्यांना मधे यावंच लागतं. शेवटी जो उरला तो जिंकला. अख्खा डाव अर्ध्या तासाचा. म्हणजे तुमचा हिशोब बरोबर आहे, मुलगा खोटं बोलतो ते "दोन मिनिट" पुरतंच.

आता मुख्य गोष्ट, हा गेम मधे थांबवता येत नाही. बाकीच्यांत खरी माणसं असतात, त्यातले तीन त्याच्या टीमचे, बहुतेक त्याच्या वर्गातलेच, एक क्लासच्या रूमवर, एक शेतात बाजेवर. तो उठला की तिघं मेले, आणि उद्या कॉलेजात ते तोंडावर बोलणार. तुम्ही हाक मारता तेव्हा तो तुमच्यात आणि त्या तिघांत अडकलेला असतो. म्हणून हाक मारायची ती डाव सुरू व्हायच्या आधी मारा, "हा डाव झाला की ताट वाढते, दुसरा लावायचा नाही." डावाच्या मधे मारलेली हाक वाया जाते आणि तुमचा घसाही.

आणि हो, मेला की शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तो मोबाईल खाली ठेवत नाही याचं कारण दुसरंच आहे. त्याची टीम जिवंत असेल तर त्याला त्यांचा खेळ बघता येतो, "मागं बघ, मागं बघ, खिडकीत आहे" असं ओरडता येतं. आपण कबड्डीत बाद होऊन बाहेर बसतो आणि तिथनं कोकलतो, तसंच. आणि सगळेच मेले तर नवीन डाव एका मिनिटात. हरल्याचं दुःख करायला गेम वेळच देत नाही, हीच त्याची लबाडी, आणि हेच तुम्ही मुलाला एकदा शांतपणे विचारा की "हरल्यावर तू थांबतोस का, का गेम तुला थांबू देत नाही?" उत्तर त्याला माहिती असतं.

नियमाचं सांगायचं तर मूळ पब्जी मोबाईलवर सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली, जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन कंपनीनं खास भारतासाठी बीजीएमआय काढला (त्यात रक्त हिरवं दिसतं, बघा कधी), तो जुलै २०२२ ला परत बंद झाला आणि मे २०२३ ला परत आला. त्यात अठराच्या आतल्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा ठेवलेली आहे. मुलगा त्याहून जास्त खेळत असेल तर त्यानं वय काय टाकलंय ते बघून घ्या. बहुतेक तुमचं टाकलं असेल.

"बारावीला लातूरला होतो, क्लासच्या शेजारी सायबर कॅफे, तासाला पंधरा रुपये, घरचे समजायचे मुलगा फिजिक्स करतोय. व्हाइस सिटी! पण आम्ही कधी मिशन केलीच नाहीत, नुसतं चीट कोड टाकून रणगाडा काढायचो. याला गेम खेळणं म्हणायचं का?"
*मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, धाराशिव*

म्हणायचं की! पॅन्झर टाइप केलं की रणगाडा, ॲस्पिरीन टाइप केलं की तब्येत ठणठणीत, लीव्हमीअलोन टाकलं की पोलिस माग सोडायचे. त्या कोडची झेरॉक्स लातूरच्या रूमरूमवर फॉर्म्युल्याच्या चिठ्ठीशेजारी चिकटवलेली असायची आणि ती जास्त पाठ असायची. गेम २००२ चा, कॉम्प्युटरवर २००३ ला आला, गाव म्हणजे अमेरिकेतल्या मायामीची नक्कल, काळ १९८६ चा, हिरो टॉमी व्हर्सेटीला आवाज रे लिओटा या हॉलिवूडच्या नटाचा. पण आपल्यातल्या कितीजणांनी तो आवाज ऐकला? कॅफेत हेडफोनच नसायचे.

यातही हरणं बघा कसं आहे. मेलात तर पडद्यावर वेस्टेड लिहून येतं आणि पुढच्या क्षणी तुम्ही दवाखान्याच्या दारात उभे, बंदुका गेल्या, थोडे पैसे कापले, बाकी गाव तिथंच, ऊन तसंच. कोणी रागावत नाही. रोज टेस्ट, रोज बोर्डावर रँक, अशात जिथं नापास झाल्यावर नुसतं दवाखान्याचं बिल कापून सोडून देतात अशी एक जागा सापडल्यावर पोरं तिथं पडून राहिली यात नवल नाही. मिशन करायचं म्हणजे परत टेस्टच आली की.

बाकी मिशन केली नाहीत ते बरंच केलंत. त्यात एक खेळण्यातलं हेलिकॉप्टर उडवून बांधकाम चालू असलेल्या इमारतीत चार बॉम्ब ठेवायचे असतात, वर घड्याळ चालू. त्यानं भल्याभल्यांचे कीबोर्ड फोडलेत, अन् कीबोर्ड कॅफेवाल्याचा, भरपाई तुमची.

"स्टारड्यू व्हॅली. त्यात आपलं शेत असतं, पेरायचं, पाणी घालायचं, काढायचं, विकायचं. दादा (माझे वडील) हसतात, म्हणतात 'घरची तूर काढायला बोलावलं तर पाठ दुखती अन् मोबाईलवर शेती करू लागलीस.' मला त्यांना नीट उत्तर देता येत नाही. का आवडत असंल मला?"
*बी. एस्सी. दुसरं वर्ष, औसा*

तुझ्या दादांना पुढचा परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखव.

दादा, या गेममधल्या शेतात टीव्हीवर उद्याचा हवामान अंदाज लागतो आणि तो खरा निघतो. पाऊस म्हणला की पाऊस. त्या दिवशी पाणी घालायचं नाही, पिकाला आपोआप मिळतं. पार्सनिप नावाचं एक गाजरासारखं कंद आहे, त्याचं बी दुकानात २० ला मिळतं, चार दिवसांत तयार होतं आणि साधं असलं तरी ३५ ला जातं. आज ३५, उद्या ३५, आवक वाढली तरी ३५. माल न्यायला टेम्पो नाही. घराशेजारी एक लाकडी पेटी असते, त्यात टाकून झोपायचं, सकाळी पैसे खात्यात. आडत नाही, हमाली नाही, काट्यावर बोट ठेवणारा नाही, आणि सोयाबीनच्या ढिगात हात घालून, चार दाणे दाताखाली धरून "ओल लई आहे, एवढे कापावे लागतील" म्हणणारा कोणी नाही. सांगा आता, पोरीला आवडणार नाही तर काय होईल? तुम्हाला पण आवडंल.

आता तुला सांगतो. हा गेम अमेरिकेत सिएटलकडं राहणाऱ्या एरिक बॅरोन या एकट्या माणसानं चार-साडेचार वर्षं खपून केला, चित्रं त्याची, संगीत त्याचं, गोष्ट त्याची, कोड त्याचा, आणि पोटापाण्यासाठी तो त्या दिवसांत थिएटरमध्ये लोकांना सीट दाखवायचं काम करायचा. २०१६ ला आला, २०२४ संपेपर्यंत चार कोटींच्या वर प्रती गेल्या. गेम नीट बघितला तर त्यात शेतीपेक्षा घाई जास्त आहे, प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा आणि ऋतू बदलला की त्या ऋतूचं पीक एका रात्रीत वाळून जातं, कितीही पाणी घातलेलं असो. पहिल्या वर्षी सगळ्यांचंच ते होतं, २५ तारखेला हौसेनं बी टाकायचं आणि १ तारखेला उठून बघायचं. बुजगावणं लावलं नाही तर कावळे खातात. वीज पडते. पण त्या मरणात एक गोष्ट नाही, कर्ज. बी वाया गेलं तर गेलं, रानात जाऊन फुलं-कंदमुळं वेच, नदीवर मासे धर, परत बियाणापुरते पैसे जमतात. नापिकीनंतर गेम तुला परत उभं राहू देतो आणि त्यासाठी कोणाच्या दारात जायला लावत नाही. औशात राहून हे ज्याला आवडणार नाही तो माणूस मला भेटायचाय.

तूर काढायला मात्र जा. पाठ दुखायचं कारण दादांना कळलेलं आहे.

"एमएससीआयटी करताना कॉम्प्युटरवर तो पिनबॉल असायचा, आकाशयानाचा. इन्क्रिमेंटसाठी कोर्स केला पण लक्षात पिनबॉलच राहिला. नवीन लॅपटॉपमध्ये सापडत नाही."
*निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई*

सर, तो स्पेस कॅडेट. विंडोज एक्सपीपर्यंत होता, विस्टापासून काढून टाकला. मायक्रोसॉफ्टचे इंजिनिअर रेमंड चेन यांनी नंतर कारण लिहिलं होतं की ६४ बिटसाठी प्रोग्राम बदलताना चेंडू वस्तूंना धडकायचाच बंद झाला, सरळ आरपार खाली पडायचा, आणि दुसऱ्याच कंपनीनं लिहिलेला तो जुना कोड त्यांना उलगडेना. पुढं चाहत्यांनी तो उलगडून परत चालता केलाय, नातवाला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. तुमच्या बॅचमधल्या किती जणांनी एक्सेलऐवजी हेच शिकून सर्टिफिकेट घेतलं ते आम्ही छापत नाही.

"मी माइनक्राफ्टमध्ये वेरूळचं कैलास लेणं बनवतोय. मित्र म्हणतात यात जिंकायचं काय, याला गेम म्हणत नाहीत. तुम्हीच सांगा."
*इंजिनिअरिंग, छत्रपती संभाजीनगर*

मित्रांना वेरूळला घेऊन जा आणि विचार, यात जिंकलं कोण.

तुझं पत्र वाचून मी खरोखर कागद-पेन घेऊन बसलो. माइनक्राफ्टमधला एक ठोकळा म्हणजे एक मीटर. कैलास, म्हणजे १६ नंबरचं लेणं, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, त्याचा खोदलेला चौक ढोबळमानानं ८४ मीटर लांब, ४७ मीटर रुंद आणि मागच्या कड्याला ३३ मीटरच्या आसपास खोल. बाकी सगळे जण माइनक्राफ्टमध्ये खालनं वर बांधतात, ठोकळ्यावर ठोकळा. कैलास तसं बांधलं तर ती फसवणूक झाली, कारण ते बांधलेलंच नाही, डोंगराच्या माथ्यावरनं खाली कोरत नेलंय, आधी कळस मग पाया. तुला पण सपाट डोंगर घेऊन वरनंच सुरू करावं लागेल आणि काय ठेवायचं ते आधीच माहिती पाहिजे, फरक एवढाच की चुकून काढलेला दगड तू परत लावू शकतोस, त्यांना लावता येत नव्हता. खरा अवघड मोड त्यांचा होता.

आता हिशोब. ८४ गुणिले ४७ म्हणजे एका थरात ३९४८ ठोकळे, मधलं मंदिर सोडलं तर कमी. लोखंडी कुदळ २५० ठोकळ्यांत मोडते, म्हणजे एका थराला सोळा कुदळी! हिऱ्याची कुदळ १५६१ चालते, म्हणजे अडीच लागतात. तू हे क्रिएटिव्ह मोडमध्ये करत असशील, जिथं काही मोडत नाही आणि कोणी मरत नाही, तर ठीकच आहे, पण माझं ऐकशील तर एकच थर, फक्त एक, सर्व्हायव्हल मोडमध्ये कर. रात्र झाली की राक्षस येतात, तो हिरवा क्रीपर मागनं गुपचूप येऊन फुटतो आणि नेमका तू सकाळी कोरलेला खांब घेऊन जातो. मेलास की सगळं सामान जिथं मेलास तिथं पडतं आणि ५ मिनिटांत उचललं नाही तर नाहीसं. तो एक थर झाला की परत वेरूळला जा आणि त्या मागच्या कड्यावरच्या छिन्नीच्या उभ्या खुणा बघ, तुला त्या आधीसारख्या दिसणार नाहीत.

दगड कोणता घेतलास? वेरूळचा खडक बेसाल्ट आहे आणि २०२० च्या नेदर अपडेटपासून गेममध्येही बेसाल्ट नावाचा ठोकळा आहे, पण त्याच्यावर रेघा आहेत आणि तो पाताळात मिळतो. २०२१ ला आलेला डीपस्लेट मला रंगानं जवळचा वाटतो. फोटो पाठव, छापू.

"माझा फेव्हरेट गेम ऑनलाइन रमी. डोकं लागतं आणि पैसे पण मिळतात. तो का नाही धरत तुम्ही?"
*जालना*

धरत नाही. वर सगळ्या गेममध्ये हरल्यावर काय जातं ते लिहिलंय, लाइफ, बंदूक, कुदळ, पार्सनिप. तुमच्यात पगार जातो. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम, डोक्याचे असोत की नशिबाचे, बंद केलेत, ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायचे गेम, त्यातनं वेगळे ठेवलेत, त्यामुळं आता जे ॲप लिंक पाठवून "चालू आहे" म्हणतं ते धड रमीही नसणार. अंगावर उधारी असेल तर घरी सांगा, आणि झोप लागत नसेल तर सरकारच्या टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे.

"मिस्टर पुण्याला कंपनीत, मी इथं सासरी. ते गेम खेळतात, मला ओ की ठो येत नाही. दोघांनी मिळून खेळता येईल असा एखादा सांगा ना, आवडता होण्यासारखा. गोळ्या-बिळ्या नकोत."
*नांदेड*

इट टेक्स टू. २०२१ चा, स्वीडनच्या हेझलाइट कंपनीचा, त्या वर्षीचा गेम ऑफ द इयर द गेम अवॉर्ड्समध्ये यालाच मिळाला. हा एकट्याला खेळताच येत नाही, दोनच माणसं लागतात. गेम एकानंच विकत घ्यायचा, दुसऱ्याला फ्रेंड्स पास म्हणून फुकटात सोय आहे, म्हणजे त्यांनी पुण्यात घेतला की तुम्ही नांदेडला लॅपटॉपवर चालू करू शकता, फक्त नेट बरं पाहिजे आणि तुमच्यासाठी एक कंट्रोलर घ्यायला लावा, कीबोर्डवर सुरवातीला बोटं गुंततात. स्टीमवर (कॉम्प्युटरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) सेल लागतो तेव्हाच घ्या, पूर्ण किमतीला घेऊ नका.

त्यात नवरा-बायको बोटभर बाहुल्या होतात आणि स्वतःच्याच घरात, शेडमध्ये, बागेत वाट काढत फिरतात. एका ठिकाणी नवऱ्याकडं खिळे असतात आणि बायकोकडं हातोडी, त्यानं खिळा मारल्याशिवाय तिला लटकून पलीकडं जाता येत नाही. पडलात तरी दुसरा जिवंत असेल तोवर तुम्ही लगेच परत येता, आणि मोठ्या लढाईत मेलात तर बटण भराभर दाबायचं, तेवढ्या वेळात त्यांनी जीव वाचवून उभं राहायचं. तुम्हाला येत नाही म्हणून काही अडणार नाही, आठवड्याभरात तुम्हीच त्यांना "अहो, आधी खिळा मारा" म्हणाल.

गोष्ट घटस्फोट घ्यायला निघालेल्या जोडप्याची आहे. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर सुरवातीचा सीन बिनआवाजी लावा.